नंदीच्या उतारावर नाहीसे होणारे ब्रेक

आमच्या हुद्द्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण बेंगळुरात त्या नावाने आम्हाला कोणी ओळखलं नाही. इथे सगळे आम्हाला ‘ब्रेक इन्स्पेक्टर’ म्हणत. लायसन्सची परीक्षा घेणारा मीच, गाडीचे कागद तपासणारा मीच, पण लोकांच्या लेखी मी फक्त ब्रेकचा माणूस. माझ्या लग्नात कमलाच्या मामांनी शेजाऱ्यांना माझी ओळख करून दिली तीसुद्धा ‘नम्म अळिया, ब्रेक इन्स्पेक्टर’ म्हणून. म्हणजे आमचे जावई, ब्रेक इन्स्पेक्टर. माझं नाव राव आहे हे ते विसरूनच गेले होते.

नोकरीची बरीच वर्षं मला या नावाचं हसू येई. नव्वदच्या दशकात एका रविवारी ते हसू गेलं, ते परत आलं नाही.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो, कारण ज्याने गाडी ठेवली नाही त्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं असेल तर तिची तपासणी करून घ्यावी लागते. टॅक्सीला आणि लॉरीला वरचेवर, घरच्या मोटारीला पंधरा वर्षं झाली की. याला सगळे एफ.सी., म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, म्हणतात. सकाळी ऑफिसमागच्या मैदानात गाड्यांची रांग लागे. मी चॅसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचो. दिवे, हॉर्न, वायपर बघायचो. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचो. आत खुळखुळलं की ओळखायचं, काही तरी झिजलंय. मग मैदानाच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. ड्रायव्हर गाडी जोरात माझ्या दिशेने आणायचा आणि मी हात वर केला की ब्रेक दाबायचा. गाडी सरळ रेषेत, वेळेत थांबली तर ब्रेक पास.

बस, एवढंच. एका वर्षाची खात्री आम्ही त्या पंचवीस-तीस पावलांत द्यायचो.

लोकही काही कमी नव्हते. एफ.सी.च्या दिवसापुरते चांगले टायर भाड्याने मिळत. एकाच आठवड्यात एक टायर मला तीन वेगवेगळ्या गाड्यांना भेटला. त्याच्या कडेला वेड्यावाकड्या नागासारखी चीर होती, म्हणून ओळख पटली. तिसऱ्यांदा मी त्याला हात जोडून नमस्कार केला, तेव्हा मालकाने न बोलता गाडी वळवली. जुन्या गाडीचं खरं दुखणं बहुधा चटईखाली असतं. वरून रंग चकचकीत, आत पुठ्ठ्यावर चटई, आणि पुठ्ठ्याखाली गंजून गेलेला पत्रा. एका सद्गृहस्थांच्या मोटारीत मी ड्रायव्हरच्या जागी बसून पाय टेकवला तर बूट थेट मैदानाला लागला. ते म्हणाले, “सार, हवा चांगली येते.”

अशा गमती रोज चालत. सगळ्यांची विनंती एकच असे, स्वल्प ॲडजस्ट करा आणि पास करा. आपली गाडी नापास करा म्हणून रडकुंडीला आलेलं माणूस मी आख्ख्या नोकरीत एकच पाहिलं.

पावसाळा संपत आला होता. राजाजीनगरच्या पेंडसे नावाच्या गृहस्थांची मोटार आली. श्रीकांत पेंडसे पुण्याचे, एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. गाडी त्यांनी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून जुनी घेतलेली, पंधरा वर्षं नुकती पुरी झालेली. पांढरी, गोल नाकाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असायचा तसली. जुन्या मालकाने फार जपली होती. पत्रा शाबूत, चाकात खुळखुळ नाही, दिवे लखलखीत. मैदानात माझा हात वर झाला आणि गाडी अशी थांबली की मागच्या रांगेतल्या टॅक्सीवाल्याने “भले!” म्हटलं.

मी सही करायला पेन उघडलं. पेंडसे गाडी बाजूला लावत होते. तेवढ्यात त्यांची बायको माझ्याजवळ आली. पस्तिशीची असेल. पदर घट्ट खोचलेला, हातात पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

“पास केलीत?” तिने इंग्रजीत विचारलं.

“हो, गाडी चांगली आहे,” मी मराठीत म्हणालो. तिने दचकून पाहिलं.

“तुम्ही मराठी?”

“आमच्या घरी मराठीच. पण पूर्वज कधी आले ते आम्हालाही नक्की ठाऊक नाही. चामराजपेटला घर आहे आमचं.”

माझ्या मराठीला कानडीचा हेल आहे, नवी माणसं ऐकून हसतात. ती हसली नाही. एकदा मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, “मग तुम्हाला सांगते. प्लीज, नापास करा. काहीही कारण लिहा. या गाडीचे ब्रेक जातात.”

“आत्ता तर लागले, अक्का.”

“आत्ता लागतात. नेहमीच लागतात. पण त्या दिवशी नाही लागले.”

मग तिने सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी ते तिघं, म्हणजे नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी जुई, नंदी हिल्सला गेले होते. जाताना पेंडशांनी चालवली. वर पोचल्यावर त्यांचं डोकं भयंकर दुखायला लागलं, अर्धशिशीचा त्रास होता त्यांना. ते मागच्या सीटवर डोळ्यांवर रुमाल टाकून पडले, मुलगी त्यांच्या पायाशी बसली, आणि उतरताना गाडी हिने घेतली. अर्ध्या उतारावर तिने ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. खाली काहीच नव्हतं, असं ती म्हणाली. तिने गाडी एका वळणावर मातीच्या ढिगाऱ्यात घातली. पुढचा बंपर वाकला, मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं. पेंडसे उठले, पुढे येऊन बसले, पेडल दाबलं, तर ते दगडासारखं घट्ट.

“ते म्हणाले, तू घाबरून क्लच दाबलास. गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं. त्याने तपासली, काही सापडलं नाही. पुण्याला सासूबाईंना फोनवर कळलं, त्या म्हणाल्या गाडी चालवायची हौस कशाला. आता मलाच कळत नाही मी काय दाबलं होतं ते. रात्री झोपेत पाय हलतो माझा.” ती थांबली. “दसऱ्याच्या सुट्टीत सासू-सासरे येतायत. त्यांना घेऊन उटीला जायचंय. याच गाडीने. तुम्ही पास म्हणालात की आता कोण ऐकणार माझं?”

पेंडसे आले. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. “सांगितलंस का यांनाही?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट कसनुसं हसले. “साहेब, लोक गाडी पास करायला येतात. आमची मंडळी नापास करायला आली.”

मी पेन बंद केलं. का केलं हे सांगणं अवघड आहे. त्या बाईच्या बोलण्यात मला एक गोष्ट जाणवली होती. घाबरलेला माणूस सांगताना गोष्ट वाढवून सांगतो. हिने काही वाढवलं नव्हतं. पेडल तळाला गेलं आणि खाली काही नव्हतं, एवढंच. मी पेंडशांना विचारलं, “गाडीचं ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?”

“बदलायचं असतं? कमी झालं की भरतात ना?”

शंभरातले नव्वद मालक हेच उत्तर देत. मी म्हणालो, “सही आज होणार नाही. रविवारी मला घेऊन नंदीला चला.”

नियमात असं काही नाही. डोंगरावर जाऊन तपासा असं कुठे लिहिलेलं नाही आणि सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. घरी कमला म्हणाली, “सहा दिवस लोकांच्या मोडक्या गाड्या बघता, सातव्या दिवशी त्यात बसून मरायला जाता काय?” मी म्हटलं, तसं काही होत नाही. पण शनिवारी रात्री मला नीट जेवण गेलं नाही. ब्रेक का जातात हे मला पुस्तकात माहीत होतं. जाताना कसं वाटतं ते माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. जुईला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. पेंडशांच्या बायकोलाही, वैशालीबाईंना, मी घरी थांबा म्हटलं, त्या ऐकेनात. “तुम्हाला दिसलं आणि मी नसले, तर मला परत कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागेल,” असं म्हणून मागे बसल्या. हेब्बाळ ओलांडलं, शहर संपलं, द्राक्षांचे मळे सुरू झाले. पेंडसे चालवत होते आणि छान चालवत होते. चढणीला गाडीने कुरकुर केली नाही. वर पोचल्यावर त्यांनी कॉफी आणि भजी मागवली. मी कॉफी घेतली. भजी माकडाने पळवली आणि मला बरंच वाटलं.

उतरताना मी चालवायला बसलो. आधी उतारावर उभी करून हँडब्रेक ओढून पाहिला. धरला. मग पेंडशांना विचारलं, “तुम्ही उताराला कशी चालवता?”

“न्यूट्रलला टाकतो. पेट्रोल वाचतं.”

न्यूट्रलला टाकलं म्हणजे इंजिनाने गाडीला धरून ठेवायचं ते सोडून दिलं. सगळा भार ब्रेकवर. मी तितकं केलं नाही, तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि बहुतेक लोक उतरतात तसा, प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत निघालो. कधी उजव्या, कधी डाव्या हाताला बुटका कठडा, त्यापलीकडे नुसती हवा आणि फार खाली शेतांचे तुकडे. पहिली काही वळणं अगदी व्यवस्थित गेली. पेंडसे म्हणाले, “बघा, लागतोय की.” आरशात मला फक्त पुढच्या सीटची पाठ धरलेली बोटं दिसत होती, पांढरी पडलेली.

आणखी थोडं खाली आल्यावर वास आला. इस्त्री कापडावर राहून गेल्यावर येतो तसा. ब्रेकच्या ड्रमचा तो वास मला ओळखीचा होता. पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. त्याच्या पुढच्या वळणाला आणखी खोल, आणि पायाखाली ओल्या स्पंजासारखं लागलं. मी म्हटलं, पुरे, कळलं. आता दुसऱ्या गिअरमध्ये घेऊन कडेला थांबवू.

थांबवायला पाय दाबला आणि पाय खाली गेला.

तळापर्यंत. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. मी पुन्हा दाबलं, परत परत दाबलं. काही नाही. दांडा दुसऱ्यात ओढला, इंजिनाने किंकाळी फोडली आणि गाडी खेचल्यासारखी हळू झाली. मी श्वास सोडतो न सोडतो तोच खट्कन दांडा आपोआप निसटून न्यूट्रलला आला. जुन्या गाड्यांचा हाही एक आजार. गिअर उडतो म्हणतात. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षं कळत नाही, उतारावर इंजिनाला ताण बसला की कळतं. आता गाडीला धरणारं काहीच उरलं नाही. हँडब्रेक ओढला, तो पार वर आला. ज्या ड्रमवर तो दाबायचा तेच तापून लाल झालेले. त्याने किंचित धरलं, पण गाडी थांबेना.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहितो. मला देव आठवला नाही, बायको आठवली नाही. डोक्यात एकच विचार होता, की हा कठडा फार बुटका आहे.

आणि खालून हॉर्न आला. वळणाआडून बस वर येत होती.

“पेंडसे, दांडा!” मी दुसऱ्यात घातला आणि ओरडलो. “हा असा धरा. दोन्ही हातांनी. सोडू नका!”

त्यांनी वाकून दांडा धरला. इंजिन पुन्हा किंचाळलं. दांडा सुटायला बघत होता आणि हा माणूस त्याला पूर्ण अंगाने दाबून धरत होता. मानेच्या शिरा दिसत होत्या. मागून वैशालीबाईंचा आवाज आला. त्या किंचाळल्या नाहीत. स्पष्ट, मोठ्याने म्हणाल्या, “वळणानंतर डावीकडे डोंगर येतो. तिथे गटार आहे. गटारात घाला.”

बस समोर आली. शाळेच्या मुलांनी भरलेली होती, खिडक्यांतून हात बाहेर. मी डाव्या अंगाला जितकं जमेल तितकं घेतलं. बसचा पत्रा आमच्या आरशाला घासून गेला, आरसा तुटून आत आला आणि माझ्या मांडीवर पडला. पोरांना वाटलं आम्ही गंमत करतोय, ती ओरडून टाटा करत होती. वळण संपलं, डाव्या हाताला खडक आला, त्याच्या पायथ्याशी दगडी गटार. मी डावी चाकं त्यात घातली. गाडी धाडकन बसली, खडकाला घासत थोडी पुढे गेली, आणि थांबली.

इंजिन बंद पडलं होतं. पेंडशांनी दांडा सोडला नव्हता. मी त्यांची बोटं हाताने सोडवली.

बस थांबवून तिचा ड्रायव्हर पळत खाली आला. त्याने आत वाकून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “एन् सार्, ब्रेक इल्वा?” ब्रेक नाहीत का, साहेब?

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो. बसमधल्या मास्तरांनी पाणी दिलं. पेंडसे उतरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. दोन्ही तळवे वर करून त्यांच्याकडे बघत होते. चाकांतून चटचट आवाज येत होता, तापलेला तवा निवतो तसा. बराच वेळ गेला. मग मी तिरप्या झालेल्या गाडीत वाकून हाताने पेडल दाबलं.

घट्ट. दगडासारखं.

मला त्या पूर्ण दिवसात सर्वांत जास्त भीती कधी वाटली असेल तर ती तेव्हा. ब्रेक गेले तेव्हा नव्हे, परत आले तेव्हा. आमच्या कामाचा एक भाग असा असे की अपघात झाला की पोलीस आम्हाला बोलावत. ठाण्याच्या आवारात मोडलेली गाडी उभी असायची, मी पेडल दाबून बघायचो आणि ब्रेक ठीक आहेत की नाहीत ते सांगायचो. कोपऱ्यात ड्रायव्हर हात जोडून उभा असायचा, “सार, ब्रेक हिडीलिल्ला,” ब्रेक लागलाच नाही साहेब. असं सगळेच म्हणतात, असं आम्ही सगळेच म्हणायचो. आता त्या रस्त्यावर वाकलेला असताना ते चेहरे माझ्यापुढे आले. त्यांच्यातले काही खोटं बोलत असतील. काही खरं बोलत असतील. कोण खरं आणि कोण खोटं, हे आता कोणाला कळणार?

“पेंडसे,” मी म्हटलं, “इकडे या. दाबून बघा.”

ते आले. त्यांनी पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. मग सरळ उभे राहिले आणि बायकोकडे पाहिलं.

“त्या दिवशीपण असंच?”

“असंच.”

“जुई मागे होती,” ते म्हणाले.

“तूपण मागे होतास.”

त्या एवढंच बोलल्या. रागाने नाही. पेंडशांनी तोंड फिरवलं आणि खालच्या शेतांकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. वैशालीबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी मुद्दामच बसच्या ड्रायव्हरशी बोलायला गेलो.

आम्ही त्याच बसने परतीला खाली आलो. गाडी दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या बाशा मेस्त्रीने लॉरीत चढवून आणली. चामराजपेटला त्याचं छोटं गॅरेज होतं. त्याने ब्रेकच्या नळीचं तोंड उघडून बाटलीत तेल काढलं. नवं ब्रेक ऑईल मधासारखं पारदर्शक असतं. हे काळं होतं. “देखो साब,” बाशा म्हणाला, “ये तेल नहीं, डिकाक्शन है.” म्हणजे फिल्टर कॉफीचा काळा अर्क. त्याने चमचाभर घेऊन स्टोव्हवर धरलं. ते तडतडलं. त्यात पाणी होतं. (हा उद्योग कोणी घरी करू नये.)

पेंडसे बाजूला उभे होते. त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल पीत राहतं, थेंब थेंब, वर्षानुवर्षं. गार असताना काही बिघडत नाही. लांब उतारावर ब्रेक तापले, की ते पाणी उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडे दाबले जातात. म्हणजे पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. गार झालं की बुडबुडे विरले, पेडल पुन्हा घट्ट. मैदानावर ती गाडी शंभर वेळा थांबली असती. जुन्या मालकाने ती जिवापाड जपली होती. रोज पुसत असतील. पण जे दिसत नाही ते कोण पुसणार? आणि ते बहुधा सपाट रस्त्यावरच चालवत असतील, म्हणून त्यांना कळायची वेळ आली नाही.

बाशाने सगळं तेल बदललं, रबरं बदलली, नवे लायनर घातले, गिअरबॉक्स उघडून गिअर जागेवर धरणारी मोडलेली स्प्रिंग काढून दाखवली. हँडब्रेकची तार नवी टाकली. पेंडसे तीन दिवस कारखाना सुटल्यावर येऊन त्याच्याशेजारी उकिडवे बसत आणि प्रत्येक गोष्ट विचारून घेत. उटीचा बेत त्यांनी स्वतःच रद्द केला होता. आई-वडील आले की बेंगळूरच बघतील, म्हणाले.

मला सही करायची होती, आणि आता मला मैदानावर करायची नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा नंदीला गेलो. वर पोचलो, तेव्हा मी वैशालीबाईंना म्हटलं, “आज तुम्ही उतरवा. मी शेजारी बसतो.” मला वाटलं, ब्रेकबरोबर भीतीपण दुरुस्त होईल. मला तेव्हा तेवढीच अक्कल होती.

त्या बसल्या. गाडी सुरू केली, पहिल्या गिअरमध्ये फाटकाबाहेर आणली. उताराचं तोंड आलं, कठडा दिसला, आणि त्यांनी गाडी थांबवली. उत्तम थांबली. पण त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“राव, मला नाही जमणार,” त्या म्हणाल्या. “ब्रेक चांगले आहेत. मला माहीत आहे. पण मला खाली जायचं नाही या गाडीतून.”

मी काही समजूत घालणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. पेंडसे उतरले होते. त्यांनी बायकोच्या बाजूचं दार उघडून धरलं.

“चल, चालत जाऊ,” ते म्हणाले.

“एवढं?”

“एवढं.”

मग आम्ही तसे उतरलो. मी गाडीत एकटा, आणि मागून ती दोघं पायी. मी एका वळणापर्यंत जायचो, मुद्दाम जास्त ब्रेक दाबत, वास येईपर्यंत तापवत. मग थांबायचो, पेडलवर पाय तसाच ठेवून, आणि वाट बघायचो. वरच्या वळणावर ती दोघं दिसायची. कधी बोलत, कधी गप्प. एकदा त्या कठड्याजवळ थांबल्या तेव्हा पेंडसे कठड्याच्या बाजूला आले आणि त्यांना आत घेतलं. गटाराच्या त्या वळणावर खडकावर आमच्या गाडीचा पांढरा रंग अजून लागलेला होता. त्यांनी दोघांनी तिथे थांबून तो पाहिला. मी गाडीत बसून होतो. पेडल घट्ट होतं, आणि तरी मला वाटत होतं की आत्ता जाईल. प्रत्येक वळणाला वाटत होतं.

पायथ्याला मी गाडी सपाट जागेवर लावली. बऱ्याच वेळाने ती दोघं आली. वैशालीबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता, पेंडशांनी ती चप्पल हातात घेतली होती. बाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, अनवाणी पाय आत घालून उभ्या उभ्याच पेडल दाबलं. एकदा. मग थांबून पुन्हा.

“सरी,” त्या म्हणाल्या. ‘ठीक आहे’ म्हणायचा हा कानडी शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “इथून सपाट रस्ता आहे ना? मग घरी मी चालवते.”

पेंडसे शेजारी बसले. मी मागे बसलो. बाई संथ आणि सावध चालवत होत्या, समोरून लॉरी आली की वेग कमी करत, आणि प्रत्येक वेळी गाडी हवी तिथे, हवी तशी हळू होत होती. द्राक्षांचे मळे मागे गेले, शहराची घरं दिसायला लागली. कोणीतरी काहीतरी बोललं, मी हो म्हणालो. हेब्बाळ आलं तेव्हा माझी पोटरी दुखतेय असं लक्षात आलं. खाली पाहिलं तर मागच्या सीटसमोरच्या रिकाम्या तळावर माझा उजवा पाय पूर्ण जोर लावून दाबलेला होता, आणि तो मी उचलू शकत नव्हतो.